निसळ डॉक्टर आणि हवालदाराची खाज

निसळ डॉक्टर हुशार होते की नव्हते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गुरांच्या डॉक्टरांचा विषय निघाला की आमच्या घरात सगळे आपापले किस्से सांगतात. कुणी एका सुईत म्हैस उभी केलेली असते, कुणी नुसतं डोळ्यांत बघून रोग ओळखलेला असतो. मी गप्प बसते. मला ज्यांच्याबद्दल सांगायचं असतं, त्यांनी माझ्यासमोर एकही रोग छातीठोकपणे ओळखला नाही.

मिरजगावला एस.टी.तून उतरायचं आणि गाडीवाटेनं आत चालत जायचं, असं ते गाव. प्राथमिक शाळेत माझी पहिली नेमणूक तिथली. राहायला मिळाली ती खोली गुरांच्या दवाखान्याच्या चाळीतली. एका टोकाला दवाखाना, मध्ये डॉक्टरांचं बिऱ्हाड, दुसऱ्या टोकाला मी. पहिल्याच सकाळी मी चूल पेटवत होते, तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"या, बसा. घाबरू नका. कुठे दुखतंय तुम्हाला? इथे? की इथे? अहो, लाथ नका मारू, मी तुमच्याच बाजूचा आहे."

मला वाटलं, गावातलं कुणी वयस्कर माणूस चुकून या डॉक्टरांकडे आलंय. पण लाथेचं काही कळेना. दारातून डोकावले तर समोर एक शेळी उभी होती. तिच्या पुढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ थेट मातीत मांडी घालून बसले होते. पँटला सायकलची क्लिप, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि चेहऱ्यावर परीक्षेत न वाचलेला प्रश्न आल्यासारखा भाव.

डॉक्टर सगळ्या जनावरांना अहोजाहो करत. का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ओळख नसते ना."

ते गंमत करत होते की खरंच सांगत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही.

जनावर आलं की ते आधी खाली बसत. मालक उभ्या उभ्या सगळं सांगे, डॉक्टर ऐकून घेत. मग जनावराकडे बघत राहत. बराच वेळ गेला की मान वर करून म्हणत, "थांबा हं, मी जरा गोंधळलोय." शेतातली कामं टाकून आलेल्या माणसाला हे ऐकायचं नसे. त्याला सुई हवी असे. गावानं त्यांचं नाव पाडलं गोंधळी डाक्तर. पोरं मागून संबळ वाजवल्यासारखे हात करत. डॉक्टर वळून बघत आणि त्यांनाही "शाळा सुटली का तुमची?" म्हणून विचारत.

त्यांच्या पत्नी मालतीवहिनी याच्या अगदी उलट होत्या. त्यांना प्रत्येक गोष्ट पक्की माहीत असे. आज वारा कुठून येणार, मला कसला नवरा मिळणार, आमटीत काय कमी आहे, सगळं. "ह्यांना ना," त्या मला सांगत, "चहात साखर आहे की नाही हे अर्धा कप संपल्याशिवाय कळत नाही. आणि संपल्यावर म्हणतात, नक्की सांगता येणार नाही." डॉक्टर शेजारीच बसून ऐकत आणि मान डोलवत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

एकदा शुगर फॅक्टरीच्या एका डायरेक्टरांची जीप दवाखान्यासमोर थांबली. आत पांढरं, झुपकेदार केसांचं कुत्रं होतं. पुण्याहून आणलेलं. पोट खाजवून खाजवून लालभडक झालेलं. दोन मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ड्रायव्हरनं औषधांच्या बाटल्यांची पिशवी पुढे केली. डॉक्टरांनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारत सुटले. हे काय खातात, कुठे झोपतात, यांच्याजवळ कोण बसतं, यांना अंघोळ कोण घालतं.

"रोज अंघोळ असते," डायरेक्टरांच्या बाई अभिमानानं म्हणाल्या. "मोलकरीण कपडे धुतानाच घालते."

"म्हणजे धुण्याच्या सोड्यानं?"

बाईंना ते ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरला होतं. त्यानं मान खाली घातली.

"सोडा बंद करा," डॉक्टर म्हणाले. "रोजची अंघोळही बंद. आठवड्यानं साध्या कोमट पाण्यानं घाला, सावलीत कोरडं करा. बाकी काही करू नका."

"औषध?"

"नको."

"म्हणजे सोड्यानंच झालंय?"

"असेल. नसेलही. आधी हे करून बघू."

डायरेक्टरसाहेब जीपमध्ये बसताना मोठ्यानं म्हणाले, "एवढ्या लांब कशाला आलो आपण?" कुत्र्याचं पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही. डॉक्टर मात्र बरेच दिवस जीपचा आवाज आला की बाहेर येऊन बघत. मालतीवहिनी म्हणत, "बरं झालं असणार. बरं झालेलं माणूस कधी परत येतं का?" डॉक्टर म्हणत, "मेलेलंही येत नाही."

मग ते हवालदाराचं प्रकरण झालं.

हवालदार म्हणजे भामाबाईंचं कुत्रं. भामाबाईंची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. नवरा आणि मुलं ऊसतोडीला गेली की बाई तिथे एकटी, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या आणि हे कुत्रं. तपकिरी रंग, रुंद छाती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते वाटेच्या मधोमध उभं राहून आधी नीट बघून घेई आणि मगच सोडी, म्हणून नवऱ्यानं हवालदार नाव ठेवलेलं. दुष्काळाचं वर्ष होतं. माळावर लांडगे उतरत, शेळ्या चोरीला जात. हवालदार होता म्हणून बाईंना झोप लागे.

त्या वर्षी हवालदाराला खाज सुटली. आधी कानांच्या कडा, मग कोपरं, मग पोट. केस गेले, कातडी जाड होऊन तिला खपल्या धरल्या. रात्रभर पाय आपटत खाजवायचं, दिवसा भिंतीला अंग घासायचं. भामाबाई त्याला दोरीनं धरून दवाखान्यात घेऊन आल्या.

"बसा हवालदार," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःही बसले.

त्यांनी कानाची कड बोटांत धरून चोळली. त्याबरोबर हवालदाराचा मागचा पाय आपोआप खाजवू लागला. डॉक्टर खूश झाले. "बघितलं? हे खरजेचं लक्षण." मग पात्यानं खपलीखालची कातडी खरवडून काचेवर घेतली आणि त्यांच्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. बराच वेळ बघितलं. मलाही बोलावून बघायला लावलं. मला काळे-करडे ढग दिसले.

"किडे दिसत नाहीत," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी खरूज न्हाई?" भामाबाईंनी विचारलं.

"दिसले नाहीत म्हणजे नाहीत असं होत नाही. ते खोल घुसतात. थांबा हं, मी जरा गोंधळलोय."

त्यांनी तेलात खललेला गंधकाचा मलम दिला. एका दिवशी अंगाचा एकच भाग, सगळीकडे एकदम लावायचा नाही, चाटू द्यायचा नाही, आणि चार-पाच दिवसांनी परत आणायचं. भामाबाई अंगणातून जाताना मला म्हणाल्या, "सुई न्हाई मारली व्हय? नुसतं त्याल दिलं. त्याल काय माझ्या घरात न्हाई?"

त्या परत आल्याच नाहीत. त्यांनी मग चार शहाण्यांना विचारलं. एकानं विहिरीवरच्या इंजिनाचं जळकं ऑइल सांगितलं. ते चोपडलं. आग होऊन कुत्रं चिखलात लोळलं. दुसऱ्यानं तंबाखू उकळून त्याचं पाणी अंगावर ओतायला सांगितलं. तेही ओतलं. हे सगळं आम्हाला पुढे कळलं.

मग एका दुपारी शाळा नुकतीच सुटली होती. मुलं वेशीकडे पळाली आणि तिथून आरडाओरडा ऐकू आला. हवालदार ओढ्याकडून झोकांड्या खात आला होता. तोंडातून लाळेची तार, डोळे तारवटलेले, उघडी कातडी रक्ताळलेली. माझ्या वर्गातली संगी त्याला ओळखत होती. ती "हवालदार, हवालदार" करत पुढे गेली आणि त्यानं तिच्या पोटरीला चावा घेतला.

मी पोहोचले तेव्हा संगीचा बाप दगडू आणि आणखी चार-पाच जण काठ्या घेऊन आले होते. कुत्रं देवळाच्या भिंतीला टेकून थरथरत होतं. तेवढ्यात डॉक्टर सायकलवरून आले. सायकल पडू दिली आणि काठ्या व कुत्रं यांच्यामध्ये उभे राहिले. तेवढ्या एका वेळी ते खाली बसले नाहीत.

"बाई," ते मला म्हणाले, "मुलीची जखम साबणानं धुवा. वरून पाणी ओतत राहा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

मी संगीला रहाटाजवळ बसवून पाणी ओतू लागले. ती रडत नव्हती, बापाकडे बघत होती.

"डाक्तर, बाजूला व्हा," दगडू म्हणाला. "पिसाळलंय ते."

"असेल," डॉक्टर म्हणाले.

"मंग व्हा की बाजूला!"

"नसेलही."

"आवो, एक कायतरी बोला! पिसाळलंय का न्हाई?"

"दगडूभाऊ, मला कळत नाहीये. खोटं कसं सांगू? तुम्ही आत्ताच मुलीला घेऊन मिरजगावला जा. तिथून मिळेल त्या एस.टी.नं नगर गाठा. मोठ्या दवाखान्यात पोटातली इंजेक्शनं सुरू करा. कुत्रं मी बांधून ठेवतो."

"म्हंजी पिसाळलंय."

"तसं मी म्हटलं नाही."

दगडूनं काठी जमिनीवर आपटली. "पिसाळलं नसंल तर माझ्या पोरीच्या पोटात सुया कशापायी? आन् पिसाळलं असंल तर ह्ये जितं कशापायी ठिवायचं? तुमीच सांगा लोकहो."

लोकांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर मलाही दगडूचं म्हणणं अगदी बरोबर वाटलं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. "असं बघा. ते पिसाळलेलं असेल आणि आपण गप्प बसलो, तर मुलगी जाईल. म्हणून सुया आजपासून. आता तुम्ही ते मारलंत, तर ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे मला कधीच सांगता येणार नाही. मग सगळ्याच्या सगळ्या सुया घ्याव्या लागतील. पण ते आठ-दहा दिवस जिवंत राहिलं, तर पिसाळलेलं नव्हतं असं समजेल आणि सुया तिथेच थांबवता येतील. मेलं, तर पुऱ्या करायच्या."

बाकीच्यांनी काठ्या खाली घेतल्या. ते सगळ्यांना समजलं म्हणून, की कुणालाच समजलं नाही म्हणून, कोण जाणे. दगडूनं काठी टाकली, संगीला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "माझ्या पोरीला काय झालं, तर तुमाला कुत्र्याशेजारी बांदीन."

"चालेल," डॉक्टर म्हणाले.

लांब काठीला दोरीचा फास करून त्यांनी हवालदाराला धरलं. "माफ करा हवालदार," असं म्हणत म्हणत दवाखान्यामागच्या दगडी खोलीत कोंडलं.

दुसऱ्या दिवशी लाळ थांबली. कुत्रं पाणी प्यायलं. भामाबाई रडत आल्या आणि तंबाखूच्या पाण्याची हकीगत सांगून टाकली. डॉक्टर ताडकन उठले. किती तंबाखू, केव्हा ओतलं, त्यानं अंग चाटलं का, असं सगळं विचारलं.

"मग त्यानंच लाळ आली असेल," ते म्हणाले. "झोकांड्याही त्यानंच."

भामाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "म्हंजी पिसाळलेलं न्हाई ना?"

"ते अजून सांगता येत नाही."

भामाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

ते दिवस डॉक्टरांनी कसे काढले ते मी पाहिलंय. रोज सकाळी खोलीच्या जाळीच्या खिडकीबाहेर उकिडवे बसून ते हवालदाराचं पाणी पिणं बघत. त्याचं तोंड भांड्याला लागलं की यांचाही घोट गिळला जाई. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला आतून काय वाटतं?"

"सकाळी वाटतं, काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दिवे लागले की वाटतं, झालेलं आहे. कुत्रं तेच असतं."

जेवण कमी झालं. शाळेत येऊन नगरहून काही निरोप आहे का ते विचारून जात. मालतीवहिनींनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. "ते कुत्रं पिसाळलेलं नाही. पिसाळलेलं कुत्रं असं केविलवाणं बघत नाही." डॉक्टर म्हणाले, "बघतं." वहिनी म्हणाल्या, "नाही बघत." आणि भाकरी-दुधाचा कुंडा लांब काठीनं आत सरकवला.

हवालदार मेला नाही. पुरेसे दिवस झाल्यावर डॉक्टरांनी नगरच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली. दगडू संगीला घेऊन परत आला तो घरी न जाता थेट दवाखान्यात. संगी त्याच्या हाताला धरून वाकून चालत होती. समोर हवालदार शेपूट हलवत उभा.

"पोरीचं पोट दगडावानी झालंय," दगडू म्हणाला. "आन् ह्यो बगा, शेपूट हालवतोय."

"हो. चांगलंच झालं की."

"चांगलं? तुमाला आधी कळाया पायजे हुतं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "कळायला पाहिजे होतं."

दगडू भांडायला आला होता. समोरून भांडणच मिळेना म्हणून तो आणखी चिडला. "उद्या दुसऱ्या पोराला चावलं तर काय सांगनार?"

डॉक्टरांनी संगीकडे बघितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि मागे घेतला. "हेच सांगेन."

दगडू बाजूला थुंकला आणि निघून गेला. त्यानंतर त्याची जनावरं दवाखान्यात आली नाहीत. आजारी बैल तो पार मिरजगावला चालवत नेई, तेही आमच्या दारावरून.

आता हवालदाराची खाज. ती तशीच होती. डॉक्टरांनी त्याला खोलीत ठेवलेलं असतानाच, धोका टळल्यावर, औषध सुरू केलं. केस कातरले. आधी साध्या साबणानं ऑइल आणि तंबाखू धुऊन काढली. कडुनिंबाचा पाला उकळून कोमट झालेल्या पाण्यानं खपल्या भिजवून मऊ केल्या. ओढून काढल्या नाहीत. मग गंधकाचं तेल, आज पुढचा भाग, उद्या मधला, परवा मागचा. त्यानं चाटू नये म्हणून मालतीवहिनींनी जुन्या टोपलीचं बूड कापलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. टोपलीतून डोकं काढून हवालदार गावाकडे बघत बसे. पोरं त्याला बघायला येत. त्याच्या अंगावर लव दिसू लागली तेव्हा डॉक्टर मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले.

भामाबाई त्याला वस्तीवर घेऊन गेल्या. महिनाभरात खाज परत. पुन्हा दवाखान्यात आणला, पुन्हा बरा. घरी नेला, पुन्हा खाज.

"थांबा, मी जरा," डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते वस्तीवर जाऊन बसले. वहिनी आणि मीही गेलो. हवालदार जिथे जाईल तिथे डॉक्टर मागोमाग जाऊन बसत. कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून तो झोपे, तिथे हे. शेळ्यांच्या खाली अंथरलेल्या जुन्या गोणपाटावर तो लोळे, तिथे हे. रेशनवर मिळणाऱ्या मायलोची, म्हणजे त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी त्याला घातली तेव्हा डॉक्टरांनी तिचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला. भामाबाई लाजून चूर झाल्या. "डाक्तर काय खाया लागलं बाई!"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "खुराड्यात पिसवा आहेत. गोणपाटात असतील. भाकरी सोसत नसेल. शेळ्यांनाही खरूज असेल, ती याला लागत असेल. आपण एकेक करून बघू. आधी खुराडं हलवू, पंधरा दिवस थांबू."

मालतीवहिनी उठल्या. त्यांनी पदर खोचला. "एकेक कशाला? भामाबाई, खुराडं ओढ्याच्या बाजूला न्या. बाई, तुम्ही ती गोणपाटं गोळा करा, जाळून टाकू. शेळ्यांना तेच तेल लावा. कुत्र्याला आमच्याकडची ज्वारीची भाकरी. झालं."

डॉक्टर "अगं, अगं" म्हणत राहिले. दिवस मावळायच्या आत सगळं होऊन गेलं.

आणि हवालदार बरा झाला. अंगभर केस आले, वाटेच्या मधोमध उभं राहणं सुरू झालं. भामाबाईंनी खंडोबाला बोललेला नवस फेडला. दवाखान्यातले ड्रेसर बाबूराव सांगू लागले, गंधकच तो. आमचे हेडमास्तर म्हणाले, कडुनिंब. वहिनी म्हणाल्या, टोपली. गावात आनंद होता. फक्त डॉक्टर उदास झाले.

आठ-पंधरा दिवसांनी ते भामाबाईंकडे गेले. मी कोथिंबीर आणायला गेले होते म्हणून तिथेच होते.

"भामाबाई, एक विनंती आहे. खुराडं परत होतं तिथे आणून ठेवाल का?"

"का वं?"

"म्हणजे खाज परत येते का ते बघता येईल. आली तर खुराड्यानंच होती. नाही आली तर मग भाकरी."

भामाबाईंनी हवालदाराच्या गळ्यात हात घालून त्याला जवळ ओढलं. "बरं झालेलं कुत्रं परत खाजवाया लावता व्हय? तुमाला काय म्हनावं डाक्तर! आवो, बरं झालं न्हवं? मंग कशानं का हुईना!"

"तुमचं बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "पण दुसरं कुत्रं आलं तर मी त्याला काय सांगू?"

डॉक्टर हवालदारासमोर बसले, त्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली. पाय हलला नाही. ते पुन्हा चोळत राहिले आणि मला समजेना की पाय हलू नये असं त्यांना वाटतंय, की हलावा असं.

पुढच्या उन्हाळ्यात खाज परत आली. खुराडं लांब, गोणपाट नवं, भाकरी ज्वारीची, आणि तरीही. गंधक झालं, कडुनिंब झाला, टोपली झाली. वहिनीसुद्धा गप्प झाल्या. मग दिवाळीच्या सुमारास कुणी काहीही करत नसताना ती निघून गेली. भामाबाईंनी हे सांगितलं तेव्हा डॉक्टर मोठ्यानं हसले. त्यांना तसं हसताना मी दुसऱ्यांदा पाहिलेलं आठवत नाही. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, "काय सुंदर आहे हो!" काय सुंदर होतं, खाज की कुत्रं की न कळणं, मी विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची राजूरला बदली झाली. पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरात. नवीन डॉक्टर अजून आले नव्हते. सकाळी टेम्पोत सामान चढलं. मालतीवहिनी ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि कुठलं गाठोडं कुठे हवं ते आतूनच सांगू लागल्या. निरोपाला भामाबाई होत्या, बाबूराव होते, मी होते. फार लोक नव्हते. डॉक्टर दवाखान्याच्या किल्ल्या बाबूरावांच्या हातात देत होते, तेवढ्यात दगडू सायकल रेटत आला. तो कुणाकडे न बघता टेम्पोच्या चाकाकडे बघत बोलला.

"गाय पडलीय पहाटेपस्नं. उठंना."

बाबूराव म्हणाले, "आता चार्ज दिला साहेबांनी. मिरजगावला जा."

"गाईला मिरजगावला कशी नेऊ?" दगडू म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. "तुमाला कळलं न्हाई तरी चालंल. पन बगाया चला."

डॉक्टरांनी टेम्पोकडे पाहिलं. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, तुमची बॅग सगळ्यात खाली गेली आहे." मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "बंद करा ते इंजिन. काढा गाठोडी."

बॅग निघाली. दगडूची सायकल एकच, डॉक्टरांची टेम्पोत बांधलेली. डॉक्टर मागच्या कॅरिअरवर बसले, बॅग मांडीवर घेतली. त्यांचे पाय इतके लांब, की चपला मातीत घासू लागल्या आणि सायकल लटपटली. दगडू पुढून काहीतरी सांगत होता, गाईनं काल काय खाल्लं, कुठे चरली. डॉक्टर त्याच्या पाठीशी कान नेऊन ऐकत होते.

"पाय वर घ्या, डाक्तर," दगडू ओरडला. "चढ हाय."

त्यांनी दोन्ही पाय वर उचलून धरले, बॅग छातीशी आवळली, आणि सायकल चढ चढून पलीकडे उतरली.